पुराच्या दिवसाची नोंदवही

१

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता हॅलोबाईंनी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा खालच्या कप्प्यात नुसतं मलमलचं फडकं पडलं होतं. फडक्यात गुंडाळलेली वही गायब होती.

हॅलोबाई हे त्यांचं टोपणनाव. बत्तीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर काढलेली, म्हणून शेंबड्या पोरापासून सगळे त्यांना याच नावाने ओळखत. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्यांनी घरी बसून पाहिलं, मग सून आणि आपण दोघीही सुखी राहावं म्हणून गावच्या इतिहास संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जायला लागल्या. बिनपगारी, पण मनापासून. जुन्या एक्स्चेंजचा लाकडी बोर्ड तिथे मोठ्या दालनात ठेवलेला होता. त्याच्या पितळी भोकांतली धूळ त्या दात घासायच्या ब्रशने काढत आणि शाळेच्या सहली आल्या की मुलांना कानाला हेडफोन लावून दाखवत.

शनिवारी प्रदर्शन उघडायचं होतं. पन्नास वर्षांपूर्वी नदीला महापूर आला, त्याची आठवण. खालच्या अंगाच्या गावांना वेळेवर फोन गेले, म्हणून शेकडो माणसं वाचली. ते फोन एक्स्चेंजच्या ऑफिसरांनी छातीभर पाण्यात उभं राहून केले, असं गावातलं पोर न् पोर शाळेत शिकलं होतं. ऑफिसरांना पदक मिळालं. दालनाच्या भिंतीवर त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटो लागला होता.

आणि चार दिवसांपूर्वी ही वही आली होती.

आणली ती हॅलोबाईंनीच. त्यांच्याबरोबर बोर्डावर काम करणारी सगळ्यांत लहान मुलगी, तिला सगळे धाकटी म्हणायचे. आता तीही सत्तरीला टेकलेली. पुराच्या दिवशी ड्यूटीवर ती होती. हॅलोबाई बहिणीच्या लग्नाला परगावी गेल्या होत्या. त्या दिवसाची नोंदवही धाकटीने पन्नास वर्षं ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवली होती. हॅलोबाईंनी महिनाभर तिच्या नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा कुठे ती म्हणाली, "ने. पण सांभाळ हो. माझ्याकडे दुसरं काही नाही."

हातभर लांब, खाकी पुठ्ठ्याची वही. सगळी पानं निळ्या शाईची, एकच पान पेन्सिलीचं. पुराच्या दिवसाचं. दिवे गेले, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात प्लग. दौत-टाक कोण सांभाळणार? बोर्डाला सुतळीने बांधलेली पेन्सिल तेवढी हाताशी होती. त्या पानावरची पहिलीच ओळ वाचून हॅलोबाईंना घाम फुटला होता:

"५.४० – साहेब निघाले. म्हणाले, बोर्ड बंद करून तूही जा."

आणि तिच्याखाली: "५.४५ – बोर्ड चालू ठेवला आहे."

त्याखाली गावांची नावं आणि वेळा सुरू होत होत्या. हॅलोबाईंचे डोळे भरून आले, पुढचं वाचवेना. त्यांनी वही मिटली, फडक्यात बांधली आणि कपाटात ठेवली. पानावर काय आहे ते सांगायचं, तर सगळ्यांसमोर वही उघडूनच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आता कपाट रिकामं होतं. आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थापिका थंड आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमची पिशवी जरा दाखवता?"

२

पिशवीतून चष्म्याचं घर निघालं, गोळ्यांची डबी, रुमाल, एक सफरचंद आणि तो ब्रश. व्यवस्थापिकांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. पेंटर दाराशी उभा होता, पहारेकरी मामा मान खाली घालून उभे होते. बत्तीस वर्षांत कोणी हॅलोबाईंच्या डब्यालाही हात लावला नव्हता. त्यांची कानशिलं तापली.

"झालं समाधान? की चोळीही झटकून दाखवू?"

"तसं नाही हो बाई. पण कपाट तुम्ही उघडता, तुम्हीच बंद करता. आणि परवा तुम्हीच म्हणालात की ही वही मांडल्याशिवाय प्रदर्शन उघडू देणार नाही. मी म्हटलं, आधी आपल्या इतिहासाच्या सरांना दाखवू, मग ठरवू. त्याचा राग आला असेल तुम्हाला."

"राग आला म्हणून मी माझीच वही चोरीन? नाक कापून कोणाला अपशकुन करायचाय मला?"

"मग शनिवारी गाजावाजा करायचा असेल. वही नाहीशी झाली म्हणून."

हॅलोबाईंनी सफरचंद उचलून पिशवीत टाकलं. पिशवीची गाठ त्यांनी संतापाने करकचून मारली. धाकटीला त्या पुरानंतर महिन्याभरात नोकरीवरून काढलं होतं. कारण काय, तर वरिष्ठांच्या परवानगीशिवाय ट्रंक कॉल केले. ज्या कॉलांबद्दल ऑफिसरांना पदक, त्याच कॉलांबद्दल तिला नारळ! आणि आता तिची एकुलती एक साक्षही गिळून टाकली होती कोणीतरी.

"शनिवार उजाडायच्या आत ही वही मी शोधून काढीन," त्या म्हणाल्या. "मग ही पिशवी पुन्हा टेबलावर उपडी करीन, आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने भरून द्यायची."

मामा त्यांच्यामागोमाग बोळात आले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "ताई, मी एक सांगितलं नाही. तीन वाजता मी जागेवर नव्हतो. मला कोणीतरी फोन करून उठवलं."

३

मामांची खुर्ची मागच्या खोलीच्या दाराशीच असे. कपाटाची चावी त्यांच्याच टेबलाच्या खणात. हे संग्रहालयात येणाऱ्या मांजरालाही माहीत होतं. म्हणजे चोराला एकच अडचण होती : मामा.

"काय म्हणाला फोनवर?"

"म्हणाला, प्रेसमधून बोलतोय, तुमच्या फलकांचा टेम्पो फाटकाशी येतोय, उतरवून घ्या. गेलो. दहा-बारा मिनिटं ताटकळलो. टेम्पो नाही की काही नाही. परत आलो."

"आवाज?"

"पुरुषाचा. पडसं झाल्यासारखा, घोगरा. ओळखीचा नाही वाटला."

"व्यवस्थापिकांना का नाही सांगितलंत?"

"नोकरी जाईल, ताई. जागा सोडली म्हणून."

हॅलोबाईंच्या ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला. या गावात जागा न सोडल्याबद्दलही नोकरी जाते, हे मामांना काय सांगायचं!

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. तीन वाजता त्या दालनात एकट्याच बोर्ड पुसत होत्या. बोळातली घंटी त्यांनीही ऐकली होती. नुसती ऐकली होती, लक्ष दिलं नव्हतं. पण बत्तीस वर्षांचा कान, लक्ष नसलं तरी नोंद ठेवतोच. ट्रिंग... मध्ये पोकळी... ट्रिंग.

"मामा! घंटी एकेरी होती."

"म्हणजे?"

"अहो, बाहेरचा फोन आला की आपल्याकडे जोडघंटी वाजते. ट्रिंग-ट्रिंग, ट्रिंग-ट्रिंग. आतल्या आत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लावला, तर एकेरी. तुमचा प्रेसवाला याच इमारतीत बसून बोलत होता."

इमारतीत फोन चारच. एक मामांच्या टेबलावर. एक तिकीट खिडकीत. पण संग्रहालय गुरुवारी बंद, खिडकीला कुलूप आणि किल्ली व्यवस्थापिकांच्या कमरेला. त्या स्वतः तीन वाजता पुढच्या व्हरांड्यात पेंटरशी अक्षरांच्या उंचीवरून वाद घालत होत्या. पेंटर साक्षीला होता. उरले दोन फोन. एक व्यवस्थापिकांच्या ऑफिसात आणि एक ग्रंथालयात.

ग्रंथालयात सर होते. गावचा इतिहास लिहिणारे, तीन पिढ्यांना शिकवलेले सर. त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नसे.

आणि ऑफिसात, व्यवस्थापिकांची वाट बघत, एकटे बसले होते दातांचे डॉक्टर. शनिवारी फीत कापायला बोलावलेले. पदक मिळालेल्या ऑफिसरांचे सख्खे पुतणे.

४

शुक्रवारी सकाळी हॅलोबाई दवाखान्यात गेल्या आणि दुखत नसलेला दात दाखवायला खुर्चीवर आडव्या झाल्या.

"दात ठीक आहेत," डॉक्टर आरसा बाजूला ठेवत म्हणाले. "काय विचारायचंय ते विचारा. पेंटरकडून कळलंय मला, वही गेली म्हणून."

"तीन वाजता ऑफिसातला फोन तुम्ही उचलला होतात?"

"नाही. मी भाषण पाठ करत होतो. ते व्यवस्थापिकांनी लिहून दिलंय." त्यांनी खिशातून घडी काढली आणि हातात नुसतीच धरून ठेवली. "'माझ्या काकांनी छातीभर पाण्यात...' हे वाक्य काही केल्या माझ्या तोंडी बसत नाही."

"का?"

डॉक्टर खिडकीपाशी गेले. "मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचं घर टेकडीवर. काका त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्याकडे आले. गुडघ्यापर्यंत पँट ओली होती, बस. आईने त्यांना टॉवेल दिला. सकाळपर्यंत ते आमच्याकडेच होते. जेवलेही नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले होते."

हॅलोबाई खुर्चीवर उठून बसल्या. "आणि हे तुम्ही पन्नास वर्षं कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की! सर पुस्तक लिहीत होते तेव्हा घरी आले होते. मी कॉलेजात होतो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, लहान मुलांच्या आठवणींवर इतिहास लिहीत नसतात." डॉक्टरांचा आवाज उतरला. "मग मीही गप्प बसलो. काका बिचारे पदक कधी लावायचे नाहीत. लोकांनी लावलं त्यांना."

हॅलोबाई तिथून निघाल्या त्या तडक ग्रंथालयात. सर खिडकीपाशी वाचत बसले होते. पांढरा शर्ट, टेबलावर छत्री, समोर जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे.

"या, हॅलोबाई. वाईट झालं हो. व्यवस्थापिका तुमच्यावर उगाच घसरल्या. मी समजावीन त्यांना."

"सर, काल तीनला तुम्ही इथेच होतात?"

"इथेच. खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही."

"वही तुम्ही पाहिली होतीत?"

"मी? छे. फोनवर व्यवस्थापिका म्हणाल्या, एक नोंदवही मिळाली आहे. आज बघणार होतो. तोवर ही भानगड." सरांनी चष्मा काढून पुसला. मायेने बोलावं तसं बोलले, "आणि खरं सांगू का? मनाला लावून घेऊ नका. असल्या कागदाला पुरावा म्हणत नाहीत. पेन्सिलीने लिहिलेलं पान, कोणी मागाहून लिहिलं नाही कशावरून? मैत्रिणीवरच्या प्रेमापोटी तुम्ही भाबडेपणाने विश्वास ठेवलात."

हॅलोबाईंनी दाराकडे वळून मोठ्याने हाक मारली, "मामा! व्यवस्थापिकांना बोलवा. आणि दातांच्या डॉक्टरांना फोन करा. आत्ताच्या आत्ता या म्हणावं."

५

पंधरा मिनिटांत सगळे ग्रंथालयात जमले.

"बाई, माझ्या मागे शंभर कामं आहेत," व्यवस्थापिका म्हणाल्या.

"एकच प्रश्न. वहीतलं पुराच्या दिवसाचं पान कशाने लिहिलं होतं?"

"मला काय माहीत? मी फक्त पुठ्ठा पाहिला. शाईनेच असणार."

"मामा, तुम्ही?"

"मी वहीला हातसुद्धा लावला नाही, ताई."

"डॉक्टर?"

"पेंटर नसता तर वही आहे हेही मला कळलं नसतं."

"बरोबर. वहीत दोनशे पानं शाईची आणि एकच पेन्सिलीचं. ते मी पाहिलं, आणि जिने लिहिलं तिने. मी जिवंत माणसाजवळ याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. धाकटी तर सहा महिन्यांत घराबाहेर पडलेली नाही. मग ज्या सरांनी वही पाहिलीच नाही, त्यांनी आत्ता मला पेन्सिलीचं कसं सांगितलं?"

सर हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच अडकलं.

"मी अंदाजाने..."

"मामांना फोन आला तो इमारतीच्या आतून. घंटी एकेरी होती. आत उरले फोन दोन, माणसं दोन. डॉक्टर ऑफिसात, तुम्ही इथे. डॉक्टरांना काकांची अब्रू झाकायची असती, तर त्यांनी आज सकाळी ती स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर उघडी केली नसती. ऑफिसर सहा वाजता टेकडीवर पोहोचले होते, हे त्यांनी मला सांगितलं. तुम्हालाही सांगितलं होतं, सर. पुस्तक छापून येण्याआधी."

व्यवस्थापिकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली.

"पडशाचा आवाज काढलात, मामा फाटकाकडे गेले, तुम्ही खणातली चावी घेतलीत. ते परत यायच्या आत वही घेऊन खुर्चीवर येऊन बसलात."

"आणि मग? ती आहे कुठे?" सरांचा आवाज चढला. "मामा, मी काल जाताना माझ्या हातात काय होतं?"

"छत्री, सर. बंद. फाटकात तुम्ही ती माझ्याच हातात दिली होतीत, बुटाची नाडी बांधायला."

"मग घ्या झडती माझी!"

"तुमची कशाला?" हॅलोबाई म्हणाल्या. "हातभर लांब वही शर्टाखाली मावत नाही. म्हणजे ती इथून बाहेर गेलेलीच नाही. आणि फाडायची, जाळायची म्हणाल, तर चाळीस वर्षं तुम्ही जुन्या कागदाचा कपटाही वाऱ्यावर उडू दिला नाहीत. धजावला नसेल तुमचा हात. तुम्ही ती तिच्याएवढ्याच मोठ्या कागदांत झोपवली असणार, जिथे तुमच्याशिवाय कोणी हात घालत नाही."

त्या टेबलापाशी गेल्या आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर तळवा ठेवला. पहिला उघडला. काही नाही. दुसरा. नाही. तिसऱ्याला हात लागताच सर उठून उभे राहिले.

"तो नको. तो फार जीर्ण आहे."

हॅलोबाईंनी तो उघडला. पिवळ्या पानांच्या मधोमध, फुलं वाळवायला ठेवावीत तशी, खाकी पुठ्ठ्याची वही निजलेली होती.

६

"तुम्हाला कळत नाही," सर म्हणाले. ते पुन्हा खुर्चीत बसले होते, एकाएकी म्हातारे दिसत होते. "पूर ओसरल्यावर गाव मोडून पडलं होतं. लोकांना उभं राहायला एक माणूस हवा होता, ज्याच्याकडे बघावं. मी तो दिला. तीन पिढ्या त्यावर वाढल्या. एका वहीसाठी ते सगळं पाडायचं?"

"माणूस होता की, सर. बोर्डावर बसला होता. तुम्हाला फक्त त्याने नेसलेलं लुगडं आवडलं नाही."

हॅलोबाईंना वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. वाटलं नाही. उलट राग आणखी वर आला. घाबरून पळालेल्या ऑफिसरांचा एवढा नव्हता; घाबरतो माणूस. पण या माणसाला सगळं माहीत होतं. थंड डोक्याने, चष्मा पुसत, त्याने एका बाईचं आयुष्य पुस्तकातून वगळलं होतं आणि त्याच बाईच्या मैत्रिणीला मायेने भाबडी म्हटलं होतं.

व्यवस्थापिका एव्हाना कागद-पेन घेऊन बसल्या होत्या. "आपण असं करू, बाई. निवेदन काढू. 'सदर नोंदवही अनवधानाने अन्यत्र ठेवली गेली होती.' सरांच्या वयाचा मान राखून..."

"अनवधानाने पाय घसरतो, बाई. कुलूपबंद कपाटातली वही घसरत नाही. आणि माझी पिशवी उपडी करताना कोणाच्या वयाचा मान राखला होता?" हॅलोबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. "भरा."

व्यवस्थापिकांनी चष्म्याचं घर, डबी, रुमाल आणि ब्रश एकेक करून आत ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. निवेदनाचा कागद त्यांनी फाडून टाकला. तेवढ्यात डॉक्टरांनी आपलं भाषणही चुरगळून टोपलीत टाकलं आणि विचारलं, "फीत कापायला त्या येतील का?"

फीत कापायला धाकटी आली नाही. पण शनिवारी सकाळी, उद्घाटनाला दोन तास असताना, ती काठी टेकत एकटीच दालनात आली. बोर्डासमोर थांबली, हात लावला नाही. मग काचेच्या पेटीतलं ते उघडं पान तिने बराच वेळ पाहिलं. मामा आणि डॉक्टर मदतीला होते; पेंटर स्टुलावर चढून नवा फलक रंगवत होता : "तेवीस कॉल. तेवीस गावं वाचली."

"हे चूक आहे," धाकटी म्हणाली.

हॅलोबाई दचकल्या. "काय चूक आहे गं?"

"तुम्ही पान उलटलं नाही वाटतं कोणी." तिने हातानेच खूण केली. हॅलोबाईंनी काच सरकवली आणि पान उलटलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने एकच नाव पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. "६.५० – वीटभट्टी. घंटी जाते, उचलत नाहीत." "७.०० – वीटभट्टी. उचलत नाहीत." दर दहा मिनिटांनी. शेवटची नोंद ८.१० ची. "लाइन गेली."

"भट्टीवर अकरा माणसं होती," धाकटी म्हणाली. "नोकरी गेली त्याचं मला काही वाटलं नाही. पण पदकाच्या समारंभात सगळे म्हणत होते, सगळे वाचले, सगळे वाचले. त्या अकरा जणांना कोणी मोजलंच नाही. म्हणून ती वही मी घरी नेली. त्यांचं तेवढंच लिहिलेलं होतं कुठेतरी. आता फलक लावताय, तर चोविसावा कॉलही लिहा. आणि अकराही लिहा."

"लिहितो आजी," पेंटर स्टुलावरून म्हणाला, "पण खाली बारीक अक्षरांत लिहावं लागेल. जागाच नाही या भिंतीवर."

हॅलोबाईंनी भिंतीकडे पाहिलं. फलकाशेजारी ऑफिसरांचा पुरुषभर उंचीचा फोटो होता, छातीवर पदक.

"बारीक नाही. वरच्याएवढ्याच अक्षरांत," त्या म्हणाल्या. "मामा, दुसरं स्टूल आणा. डॉक्टर, तुम्ही इकडून धरा. हा फोटो उतरवला की जागाच जागा आहे."